मीरा रोडचे चार दिवस

मुंबईस जाणे आणि मीरा रोडला जाणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्हांस प्रथम आमच्या धाकट्या बहिणीने समजावून दिले. पुण्यात कोणी विचारले, तर "मुंबईस, बहिणीकडे" असे सांगून आम्ही मोकळे होत असू. तिला ते खपत नाही. बृहन्मुंबईची हद्द दहिसरला संपते. त्यापुढचे पहिले स्थानक मीरा रोडचे. जिल्हा ठाणे, महानगरपालिका निराळी, घरपट्टी निराळी, पाण्याच्या तक्रारीही निराळ्या. "दादा, आम्ही ना मुंबईचे, ना गावचे," असे ती हसून म्हणते. तीस वर्षांपूर्वी हेच वाक्य ती हसून म्हणत नसे.

गेल्या पौषात तिच्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला. दादरला भाईंदरची गाडी मिळाली. बोरिवलीस डबा निम्मा रिकामा झाला आणि दहिसर मागे पडताच डाव्या हातास एकाएकी आकाश दिसू लागले. तिवरांची हिरवी दाटी, मधूनच चकाकणारे खाडीचे पाणी आणि चिखलात एका पायावर उभे असलेले बगळे, असा देखावा मुंबईच्या गाडीतून दिसेल असे नवख्या माणसास वाटत नाही. उजव्या हातास मात्र इमारतींची सलग भिंत! रुळांच्या दोन बाजूंस दोन युगे उभी आहेत की काय असा भास होतो. पुढे भाईंदरकडे जाताना मिठागरे लागतात. पण तेथवर आम्हांस जावयाचे नव्हते.

हा मुलूख तसा जुना. पलीकडे खाडीच्या काठी घोडबंदरचा किल्ला आहे. तो पोर्तुगीजांकडून 1737 साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आला आणि त्यानंतर दोन वर्षांनी वसई पडली. परंतु आजच्या मीरा रोडचा इतिहास ह्या पराक्रमाशी जोडणे म्हणजे ओढूनताणून नाते लावणे होय. हे गाव उभे केले ते भाड्याने आणि पागडीने. गिरगाव, दादर, परळ येथे दोन खोल्यांत तीन पिढ्या मावेनाशा झाल्या, तेव्हा माणसे रुळांच्या वाटेने उत्तरेकडे सरकली. येथील ग्रामपंचायती एकत्र करून 1985 साली नगरपरिषद झाली व 2002 च्या फेब्रुवारीत तिची महानगरपालिका. मीरा-भाईंदरची वस्ती 1991 च्या शिरगणतीत पावणेदोन लाखांच्या आसपास होती, 2001 साली ती 5 लाख 20 हजारांवर गेली आणि 2011 साली 8 लाख ओलांडून पुढे. एका माणसाच्या उमेदीच्या वीस वर्षांत एवढे! त्यात कोकणी आहे, गुजराथी आहे, मारवाडी आहे, नया नगरातला मुसलमान आहे, मल्याळी आहे, उत्तरेकडचा आहे. प्रत्येकजण येताना "तूर्त येथे राहू, पुढे पाहू" असे म्हणत आला. ते "पुढे" काही आले नाही.

आमच्या बहिणीचे बिऱ्हाड शांतीनगरात आहे. समोरासमोरच्या दोन सदनिका, दोहोंचे दरवाजे सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत उघडे. एका घरात चूल आणि देव, दुसऱ्यात पुस्तके आणि पाहुणे. कुटुंबप्रमुख म्हणजे तिचे सासरे, आप्पा. वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे, मत स्वतःचे. मेहुणे नुकतेच सेवानिवृत्त झालेले. भाचा महाविद्यालयात शिकतो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून युरोपातले फुटबॉलचे सामने पाहतो. शिवाय ह्या खेपेस आमची भाची, जावई व त्यांचा आठ वर्षांचा मुलगा मेलबर्नहून आली होती, म्हणूनच आमचेही जाणे झाले. ही मंडळी दर तीन वर्षांनी महिनाभर येतात.

ह्या मुलाने मामासाठी एक भेट आणली होती: तांबड्या कातड्याचा, नारळासारखा लांबट चेंडू. पहिल्याच सायंकाळी तो चेंडू आवारात नेण्यात आला. इमारतीतली दहा-बारा मुले भोवती जमली. एकाने तो जमिनीवर आपटला. चेंडू डावीकडे उडायचा तो उजवीकडे उडाला आणि एका मोटारीखाली गेला. मुले खदखदून हसली. पाहुणा मुलगा मात्र गोरामोरा झाला. हा चेंडू हातातून सोडून पायाच्या पंजाने कसा मारावयाचा, हे त्याने दाखविले. चेंडू पहिल्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजावर जाऊन थडकला. तेवढ्यात पहारेकऱ्याने भिंतीवरील पाटीकडे बोट केले. "आवारात चेंडूचे खेळ खेळू नयेत" असे तीवर तीन भाषांत लिहिले आहे. मुले पांगली.

रात्री जेवणे आटोपल्यावर सारे गच्चीवर गेलो. वारा खाडीवरून येत होता. विषय निघाला तो त्या चेंडूचाच.

जावयांनी सांगितले, "हा ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचा चेंडू. त्या खेळाचे पहिले नियम मेलबर्नला 1859 साली लिहिले गेले. मैदान क्रिकेटचे, म्हणून ते लंबगोल, आणि एका बाजूस अठरा गडी. आयर्लंडातही असाच एक घरचा फुटबॉल आहे. त्याला गेलिक फुटबॉल म्हणतात. चेंडू वाटोळा, मैदान चौकोनी, गडी पंधरा. दोन्ही खेळांत चेंडू हाताने धरता येतो, लाथ मारता येते, म्हणून दोन्ही देशांस वाटले, आपण एकमेकांशी खेळून पाहावे."

येथे वाचकांस थोडे सांगणे अवश्य आहे. आयर्लंडचा हा खेळ नुसता खेळ नव्हे. इंग्रजांच्या अमलात आपले खेळ मरू नयेत म्हणून 1884 साली तेथे गेलिक क्रीडासंस्था स्थापन झाली. तिचे सभासद इंग्रजी वळणाचे फुटबॉल, क्रिकेट वगैरे परके खेळ खेळत नसत, इतकेच नव्हे तर ते पाहावयासही त्यांस बंदी होती. ती बंदी 1971 साली उठली. आपल्याकडे आखाडे आणि व्यायामशाळा ज्या भावनेने निघाल्या, तिच्याशी ही भावना किती जुळते ते निराळे सांगावयास नको.

अशा ह्या मानी लोकांकडे 1967 साली हॅरी बाइट्झेल नावाचा एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ, पूर्वी सामन्यांत पंच असलेला, आपल्याकडचा संघ घेऊन गेला. त्या पाहुण्यांनी त्या वर्षीच्या विजेत्या मीथ परगण्यालाच त्यांच्या खेळात हरविले! पुढे 1984 साली, गेलिक संस्थेच्या शताब्दीच्या वर्षी, दोन्ही देशांची पहिली रीतसर मालिका झाली. मध्ये खंड पडून 1998 पासून ती पुन्हा सुरू झाली. खेळ अर्थातच तडजोडीचा. चेंडू व मैदान आयर्लंडचे, गडी पंधरा. परंतु अंगावर जाऊन गड्यास धरून पाडणे ऑस्ट्रेलियाचे, आणि दुरून मारलेला चेंडू अधांतरी झेलला तर झेलणाऱ्यास बिनअडथळ्याची लाथ, हेही त्यांचेच. जाळ्यात चेंडू गेला तर 6 गुण, मधल्या खांबांच्या दरम्यान आडव्या दांडीवरून गेला तर 3, बाहेरच्या खांबांमधून गेला तर 1.

"म्हणजे खिचडी," भाचा म्हणाला.

"खिचडीस नावे ठेवू नयेत, आजारपणात तीच उपयोगी पडते," आमची बहीण म्हणाली. परंतु भाचा ऐकणारा नव्हता. त्याचे म्हणणे असे की, ज्या खेळात कोणीच निष्णात नाही त्यास आंतरराष्ट्रीय सामना का म्हणावे? ऑस्ट्रेलियाचा गडी जन्मभर लांबट चेंडू खेळतो आणि त्या दोन दिवसांपुरता वाटोळा चेंडू हाती घेतो. आयर्लंडच्या गड्यास कोणी कमरेला मिठी मारून आपटलेले नसते; त्यास तेथे आपटतात. मग भांडणे होणारच. आणि झालीही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर 2006 साली 80 हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे इतकी मारामारी झाली की पुढील वर्षीची मालिकाच रद्द करावी लागली. "भाऊजी, ह्यात पाहण्यासारखे काय आहे?"

जावई शांत स्वभावाचे आहेत. ते म्हणाले, "मी 2017 साली पर्थला होतो, तेव्हा कचेरीतला एक आयरिश सोबती मला सामन्यास घेऊन गेला. ऑस्ट्रेलियाचे 53, आयर्लंडचे 50 गुण झाले. आमचे लोक जिंकले म्हणून मी ओरडलो..." येथे ते थांबले. 'आमचे लोक' हा शब्द गच्चीवरच्या अंधारात जरा मोठ्याने वाजला. आप्पांनी मान वळविली, पण काही बोलले नाहीत. जावई पुढे म्हणाले, "तो सोबती मात्र हरल्याचे दुःख करीत नव्हता. तो म्हणाला, आमच्या खेळात पगार नाही. आठवडाभर कोणी शाळेत शिकवितो, कोणी शेती पाहतो, आणि सायंकाळी परगण्यासाठी खेळतो. गावच्या, परगण्याच्या नावाने खेळण्यात सारे आयुष्य जाते, कारण हा खेळ दुसरा देश ह्या दर्जाने खेळतच नाही. देशाचा अंगरखा अंगात घालण्याची संधी त्यांस ह्या मालिकेतच मिळते. मग नियम अर्धे दुसऱ्याचे असले म्हणून काय झाले?"

हे ऐकून आमचे मन त्यांच्या बाजूस झुकले, हे कबूल केले पाहिजे. ज्याचा खेळ जगभर चालतो त्यास ह्या भुकेची कल्पना यावयाची नाही. परंतु मेहुण्यांनी एक मार्मिक प्रश्न केला. ते हिशेबखात्यात होते. त्यांनी विचारले, "ह्या व्यवहारात कोणाचे किती जाते?" त्यावर जावयांनीच मान्य केले की, आयर्लंडचे जास्त जाते. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू पगारी, आणि त्यांची मंडळे आयर्लंडची उमदी पोरे हेरून नेतात. डब्लिनचा जिम स्टाइन्स 1984 साली असाच मेलबर्नला गेला आणि 1991 साली तेथील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदक मिळविणारा ठरला. केरी परगण्याचा टायग केनेली 2005 साली सिडनीच्या संघातून तेथील विजेतेपद जिंकला. तो मात्र घरी परतला आणि 2009 साली केरीकडून आयर्लंडचेही अजिंक्यपद त्याने मिळविले. "सगळेच परतत नाहीत," असे जावई म्हणाले, आणि भाचीने उठून मुलाच्या अंगावरची शाल उगीचच सारखी केली.

मालिकेची अवस्थाही डळमळीतच राहिली. ऑस्ट्रेलियाने 2013 साली तेथील मूळच्या रहिवाशांचा स्वतंत्र संघ पाठविला, ही कल्पना चांगली होती. पण तो दोन सामने मिळून 101 गुणांनी हरला आणि क्रोक पार्कवर त्या वेळी तीस हजारही माणसे नव्हती. पर्थच्या त्या सामन्यानंतरची मालिका 2020 साली व्हावयाची, ती साथीमुळे राहून गेली.

आता आप्पा बोलले. त्यांचे बोलणे सावकाश असते.

"आमच्या गावी, रत्नागिरीकडे, आम्ही हुतूतू खेळत असू. मेलेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर. तो पुन्हा जिवंत व्हावयाचा नाही. ह्याला गामिनी म्हणत. देशावर काही ठिकाणी संजीवनी. समोरचा मारला की आपला मेलेला उठून आत येई. तिसरा अमर, त्यात कोणी बाहेरच जात नाही, नुसते गुण मोजावयाचे. बंगाल्यात ह्याच खेळाला हाडूडू, मद्रासकडे चेडुगुडु. आम्ही म्हणायचो, आमचाच खरा. मग 1950 साली अखिल भारतीय संघटना झाली आणि एकच नियम ठरला. त्यात संजीवनी राहिली. आमची गामिनी गेली. नावसुद्धा गेले, हुतूतू गेले, कबड्डी राहिली. मी गिरगावात आलो तेव्हा पहिल्या सामन्यात मेलेला गडी परत आत आला म्हणून मी पंचाशी भांडलो होतो!"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

"पण मग तोच खेळ खेळलो. रोज सायंकाळी. बुवा साळव्यांसारख्यांनी त्यासाठी जन्म घालविला. 1974 साली आपला संघ बांगलादेशात जाऊन पाच सामने खेळला, 1979 साली ते इकडे आले. 1990 साली बेजिंगला आशियाई सामन्यांत खेळ गेला. 2018 साली जकार्तास इराणने आपल्याला उपान्त्य सामन्यात हरविले. घरी सारे खिन्न होऊन बसले होते. मला मात्र बरे वाटले. ज्या खेळात आपण हरू शकतो, तो जगाचा झाला."

"पण आप्पा, पंजाबने त्यांची वर्तुळातली कबड्डी सोडली नाही. 2010 सालापासून तिचे निराळे जागतिक सामनेही भरविले," भाचा म्हणाला.

"नाही सोडली. कारण तेथे ती पोरे रोज खेळतात. मी तेच विचारतो आहे." आप्पा जावयांकडे वळले. "तुमच्या ह्या मालिकेचा खेळ, मालिका नसते तेव्हा कोण खेळतो? शाळेतली मुले खेळतात? गल्लीत खेळतात?"

जावयांनी थोडा विचार केला. "नाही. कोणीच नाही. सामने संपले की ते आपला लांबट चेंडू घेतात, हे आपला वाटोळा."

"म्हणजे भेटीपुरता खेळ," आप्पा म्हणाले.

ह्यावर कोणी काही बोलले नाही. खाली मुख्य रस्त्यावर रिक्षांचा आवाज चालू होता. आमच्या मनात मात्र एक निराळीच गोष्ट येऊन गेली. दिवसभर आमची बहीण आपल्या नातवाशी एक विशिष्ट भाषा बोलत होती: "बाळा, हॅण्ड वॉश कर, मग तुला गरम गरम पोळी देते, ओके?" ही भाषा तिच्या घरात एरव्ही कोणी बोलत नाही आणि मेलबर्नच्या घरातही कोणी बोलत नाही. ती महिनाभरापुरती तयार होते आणि विमानतळावर संपते. आप्पांना ती जमत नाही. ते पणतूशी शुद्ध मराठीत बोलतात, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघेही थोड्या वेळाने दुसरीकडे पाहू लागतात. आप्पांनी विचारलेला प्रश्न फुटबॉलचा होता की नाही, हे आम्ही त्यांस विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घोडबंदरकडे फिरून आलो. त्याचे वर्णन पुन्हा केव्हा तरी करू. तिसऱ्या दिवशी भाचा पोरांना घेऊन टर्फावर गेला. टर्फ म्हणजे चहूकडून जाळी लावलेले, खोट्या हिरवळीचे मैदान. तासाच्या भाड्याने मिळते. आमच्या लहानपणी मोकळ्या जागेस भाडे पडते असे कोणी सांगितले असते तर आम्ही त्यास वेड्यात काढले असते. तास भरला आणि शिटी वाजली. पुढची गिऱ्हाइके दारात उभी होती. मुले हिरमुसून परतली.

चौथ्या दिवशी सकाळी आप्पा अंगरखा घालून, काठी घेऊन गृहसंस्थेच्या चिटणिसांकडे गेले. इमारतीतल्या पहिल्या रहिवाशांपैकी ते एक. त्यांनी काही मागितल्याचे कोणास आठवत नव्हते. पाटी काढावी असे त्यांनी म्हटले नाही. "पाटीवर चेंडूचे खेळ असे लिहिले आहे. चेंडू हातातच राहिला आणि उडालाच नाही, तर?" एवढेच त्यांनी विचारले. सायंकाळी पाच ते सहा, मोटारी कमी असतात तेवढा वेळ, चेंडूस पाय लावावयाचा नाही ह्या अटीवर परवानगी मिळाली.

मग आप्पा खुर्ची टाकून आवारात बसले आणि नियम ठरू लागले. लांबट चेंडू काखेत धरावयाचा, "हुतूतू" म्हणत दम न सोडता समोरच्यांच्या हद्दीत शिरावयाचे, आणि शेवटच्या रेघेवर चेंडू टेकवून परत यावयाचे. फरशी असल्यामुळे पाडावयाचे नाही, दोन हातांनी शिवले की गडी बाद. रेघेवर चेंडू टेकला तर 6 गुण, हे पाहुण्याचे. मेलेला गडी परत आत यावयाचा की नाही, ह्यावर मोठा वाद माजला. आप्पांनी गामिनीचा आग्रह धरला. मुले ऐकेनात, बाहेर बसून राहावयास कोणी तयार नव्हते. तळमजल्यावरच्या मल्याळी कुटुंबातली मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, मग आम्ही काय नुसतं बघायचं?" आप्पा दुसऱ्यांदा हरले.

"हुतूतू" हा शब्द त्या पोरांपैकी बहुतेकांनी प्रथमच ऐकला. एक गुजराथी मुलगा "तूतूतू" एवढेच म्हणे, पाहुण्याच्या तोंडी तो "हूटूटू" होई. आप्पा खुर्चीतून दर वेळी दुरुस्त करीत: "हु-तू-तू. दंताळी तू." चौथ्या-पाचव्या चढाईस पाहुणा तांबडाबुंद होऊन रेघेपर्यंत पोचला, चेंडू टेकवून वळला आणि मधल्या रेघेपाशी त्याचा दम सुटला. सगळी पोरे एकदम "गेला! गेला!" म्हणून ओरडली. तो पंचाकडे, म्हणजे पणजोबांकडे, धावत आला आणि श्वास लागला असतानाच म्हणाला, "मी रेघ टच केली होती, पणजोबा! आधी केली होती!" आप्पांनी त्यास बाद दिले.

त्याच रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो. माघ संपता संपता बहिणीचा फोन आला. पाहुणे मेलबर्नला परतले होते. चेंडू येथेच राहिला होता. पाच ते सहाचा खेळ चालू आहे, शेजारच्या इमारतीतली मुलेही येऊ लागली आहेत, आणि चिटणिसांची तक्रार आता आवाजाबद्दल आहे, असे तिने सांगितले. मुलांनी 6 गुणांचे 5 केले, हे मेलबर्नला कळताच तिकडून रविवारी पहाटेच फोन आला. नियम मला विचारल्याशिवाय का बदलला, असे पणतूचे म्हणणे. आप्पांनी त्यास सांगितले की, जे रोज खेळतात ते नियम ठरवितात.

"मग तो काय म्हणाला?" आम्ही विचारले.

"म्हणाला, तिकडे शाळेत मी 6 च ठेवणार. आप्पा तेव्हापासून विचारताहेत, तिकडे शाळेत म्हणजे किती पोरे, आणि 'हुतूतू' नीट म्हणतात का."